इजिप्शियन पायदळ रंगवायचंय: कॉन्ट्रास्ट घ्यावेत की जुनं बेसकोट-वॉश-लेयर?

युद्धखेळासाठी २८ एमएमच्या छोट्या फिगर, त्यातही न्यू किंगडमचे (प्राचीन इजिप्तचा रामसेसवाला काळ) भालाईत घेऊन ठेवलेत आणि रंग कुठल्या पद्धतीने द्यायचा यावर गाडी अडकली असेल तर मी दोन्ही पद्धतींनी युनिट पूर्ण केलेत, त्यावरून सांगतो. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, हात प्रत्येकाचा वेगळा असतो.

कॉन्ट्रास्ट म्हणजे एकाच हातात सावली आणि उजेड दोन्ही देणारे पातळ रंग; जुन्या पद्धतीत आधी सपाट रंग, मग खोबणीत उतरणारा पातळ गडद वॉश, मग वर उजळ थर. कॉन्ट्रास्टचा वेग मान्यच करायला हवा. २०१९ मध्ये सिटाडेल या रंगांच्या ब्रँडने ते आणले, आता इतर कंपन्यांचेही तसे रंग मिळतात. पांढऱ्या प्रायमरवर (रंगाआधीचा पहिला थर) तांबूस तपकिरीचा एकच हात मारला की छाती, बरगड्या, गुडघे सगळं आपोआप उठून दिसतं, आणि इजिप्शियन सैनिक म्हणजे निम्मा उघडा माणूसच, त्यामुळे अर्धं काम तिथेच झालं असं वाटतं.

पण उरलेला निम्मा पांढरा असतो ना, तिथेच माझं घोडं अडलं. कॉन्ट्रास्ट पातळ, तो कमरेशी किल्टच्या, म्हणजे कमरेच्या पांढऱ्या कापडाच्या, कडेला जातो आणि चुण्यांमध्ये उतरतो, मग तपकिरीवर पांढरा झाकायला दोन-तीन हात लागतात, तोपर्यंत चुण्या बुजतात आणि कापड खडू फासल्यासारखं दिसतं. बाकीच्या सैन्यांत असा ओघळ गडद रंगाखाली लपवता येतो, इथे प्रत्येक फिगरवर गडद आणि पांढरा एकमेकांना चिकटूनच. एका फिगरवर चालून जातं हो, पण अख्ख्या पलटणीच्या कमरा पुसत बसायचं म्हणजे वाचवलेला सगळा वेळ परत गेला.

जुन्या पद्धतीत मी आता तपकिरी प्रायमरच मारतो. कातडीला त्यावर वॉश आणि एखादं हायलाइट, किल्टला आधी खाकी, मग आयव्हरी, शुद्ध पांढरा फक्त चुण्यांच्या टोकांवर. कापड आणि अंग यांच्यामध्ये प्रायमरची बारीक रेघ तशीच सोडायची, वेगळं लायनिंग करावं लागत नाही. आणि पांढरा बाहेर गेलाच तर तपकिरी एका हातात झाकतो.

ढालींसाठीही मला हेच बरं वाटतं, सपाट जागेवर कॉन्ट्रास्टचे ढग उठतात. इजिप्तमधल्या असयूतला मेसेहती या प्राचीन अधिकाऱ्याच्या थडग्यात सापडलेले ४० लाकडी भालाईत आठवा, आता कैरोच्या म्युझियममध्ये आहेत, प्रत्येकाच्या ढालीवरचं गाईचं कातडं वेगळ्या ठिपक्यांचं. ते कादेशच्या, म्हणजे रामसेस आणि हित्तींच्या लढाईच्या, सातशेहून जास्त वर्षं आधीचे, त्यामुळे ढालीचा आकार त्यांच्यावरून घेऊ नका, पण चार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ही पलटण रंगवताना प्रत्येक ढालीकडे वेगळं लक्ष दिलं हे बघून मला तरी शॉर्टकट मारवत नाही.

कॉन्ट्रास्ट टाकून द्या असं नाही म्हणत मी. ६ एमएमला डोळे झाकून तोच वापरा. रथांच्या घोड्यांना छान बसतो, आणि समोर हित्ती उभे करणार असाल तर त्यांच्या रथींचे अंगभर रंगीत झगे त्यानेच करा, तिथे ओघळायला पांढरं काही नसतं. पण रामसेसचं पायदळ २८ एमएममध्ये करायचं असेल तर माझं मत तपकिरी प्रायमरकडे झुकतं.

हे मात्र सगळी पलटण प्राइम करायच्या आधी ठरवा. आणि मुंबई-कोकणात असाल तर पावसाळ्यात स्प्रे नको, दमट हवेत तो रवाळ बसतो आणि पांढऱ्यावर ते फार दिसतं. ब्रशने लावायचा प्रायमर घ्या.