मायक्रोवेव्ह बिघडलाय: दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

किती लिटरचा, किती वॉटचा, ग्रिल आहे का, हे तुम्ही बघालच. त्याआधी एक ठरवायला हवं: बिघडलंय नेमकं काय? नुसतं 'बंद पडला' एवढ्यावर काहीच ठरत नाही.

दिवा लागतो, थाळी फिरते, पंखा घोंगावतो, पण आत ठेवलेलं पाणी गारच राहतं, असं असेल तर दुखणं बहुधा मॅग्नेट्रॉनचं (पदार्थ गरम करणाऱ्या लहरी तयार करणारा भाग) असतं किंवा त्याला वीज पुरवणाऱ्या डायोड, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मरपैकी कशाचं तरी. डायोड किंवा कपॅसिटर असेल तर बिनधास्त दुरुस्त करा. मॅग्नेट्रॉनच गेला असेल आणि यंत्र जुनं असेल, तर माझंही मन नव्याकडे झुकतं. त्यामुळे 'गरम होत नाही, किती घ्याल?' असं न विचारता 'कुठला भाग गेलाय?' असं मेकॅनिकला विचारा.

ठिणग्या उडायला लागल्या की लोक घाबरून यंत्रच काढून टाकतात. पुष्कळदा आतल्या बाजूच्या भिंतीवरचा अभ्रकाचा पातळ पत्रा तेलकट होऊन जळालेला असतो, इतकंच. तो मापाने कापून नवा बसवता येतो. पण आतला रंग उडून पत्रा गंजला असेल किंवा दार वाकून नीट बसत नसेल, तर दुरुस्तीचा विचारही नको.

माझा पूर्णच मेला होता. दिवासुद्धा नाही. त्याआधी काही दिवस दार अंगठ्याने जरा वर उचलून दाबल्याशिवाय तो सुरू व्हायचा नाही. दाराच्या खटक्यामागे नखाएवढे स्विच असतात, साधारणपणे तीन. त्यातला एक मुद्दाम असा जोडलेला असतो, की दार उघडूनही बाकीच्यांनी वीज तोडली नाही तर तो शॉर्ट करून फ्यूज उडवतो. म्हणून नुसता फ्यूज बदलून देणाऱ्यावर भरवसा ठेवू नका. स्विच तपासले का, ते विचारा. माझे बदलले आणि यंत्र पहिल्यासारखं चालू झालं. हे घरी उघडून बघायचं काम नाही, एवढं मात्र आवर्जून सांगतो. आत 2000 व्होल्टच्या आसपासचा दाब असतो आणि प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये तो शिल्लक राहू शकतो.

आता नव्याची बाजू. वॉरंटी मिळते, आतून लख्ख असतो. इन्व्हर्टरवाला (बंद न पडता ताकद कमी-जास्त करणारा) घेतला तर कमी पॉवर म्हणजे खरोखर कमी पॉवर. जुना पूर्ण ताकदीने चालू-बंद होत राहतो, म्हणून गोठलेल्या पदार्थाच्या कडा शिजतात आणि मधे बर्फ तसाच. हा फरक मला स्पष्ट जाणवला.

कारण दुरुस्तीच्या काळात मी एक नवा कोरा मायक्रोवेव्ह वापरत होतो, उसना आणलेला. काम उत्तम करायचा, पण त्याचं ते बीप! झालं की पाच वेळा ओरडायचा. दार उघडायला उशीर झाला की थोड्या वेळाने पुन्हा, मग पुन्हा. रात्री कपभर पाणी गरम करायचं तर शेवटच्या सेकंदाला दार उघडायला मी तिथे पहारा देत उभा! काही मॉडेलांत एखादं बटण दाबून धरलं की आवाज बंद होतो म्हणतात. यात होत नव्हता. शिवाय अर्ध्या मिनिटासाठीही सपाट कीपॅडवर टकटक करत बसायचं. माझ्या जुन्याला दोन गोल बटणं आहेत: एक पिळायचं, दुसरं पिळायचं, वेळ संपली की 'टिंग', एकदाच. कुणाला हे फारच क्षुल्लक वाटेल, वाटू दे. माझा निर्णय तिथेच झाला.

तुमचं दुखणं दाराचे स्विच, फ्यूज, अभ्रक किंवा थाळीची मोटर एवढंच असेल, तर मी म्हणेन दुरुस्त करून घ्या. फक्त बदललेल्या भागाची हमी लेखी मागा. मॅग्नेट्रॉन गेला असेल आणि नवा घ्यावाच लागला, तर दोन गोल बटणांचे साधे मायक्रोवेव्ह अजून मिळतात, ते आधी बघा. दुसराच आवडला तर दुकानात कपभर पाणी ठेवून मिनिटभर चालवायला सांगा, आणि वेळ संपल्यावर लगेच दार उघडू देऊ नका.