शीची टेस्ट की थेट कोलोनोस्कोपी? आतड्याच्या कॅन्सरची तपासणी करायचीय तर हे वाचा

आधीच सांगते, संडासातून रक्त जातंय, तीन आठवडे झाले तरी पोट ताळ्यावर नाही (कधी जुलाब, कधी गच्च), जाऊन आलं तरी साफ झाल्यासारखं वाटत नाही, वजन उगाच उतरतंय, किंवा पन्नाशीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन कारण नसताना खाली गेलंय, यातलं काहीही असेल तर ही तुलना तुमच्यासाठी नाहीच, सरळ डॉक्टरकडे जा. आपल्याकडे रक्त दिसलं की "मूळव्याध असेल" म्हणायचं, मेडिकलमधून मलम आणायचं, नाहीतर 'विना ऑपरेशन' पोस्टरवाल्याकडे जायचं, असे महिने जातात. असेलही मूळव्याध, पण एकाच माणसाला दोन्ही असू शकतं ना!

आता ज्यांना काहीच त्रास नाही, वय ४५च्या पुढे आहे, त्यांचं बोलू.

शीची टेस्ट म्हणजे फिट (FIT, फीकल इम्युनोकेमिकल टेस्ट). काडीने थोडासा नमुना घ्यायचा, बाटलीत घालून लॅबला द्यायचा, डोळ्याला न दिसणारं माणसाचं रक्त त्यात आहे का ते बघतात. पथ्य नाही, उपास नाही, सुट्टी नाही. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी हे किट पोस्टाने घरी येतं. आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची तपासणी आहे, आतड्याची नाही, म्हणजे आपलं आपणच बघायचं. आणि लॅबमध्ये नुसतं 'स्टूल ऑकल्ट ब्लड' सांगितलंत तर जुन्या पद्धतीची टेस्ट होऊ शकते, जिच्यात मटण आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांनीसुद्धा रिझल्ट बिघडतो, त्यामुळे 'इम्युनोकेमिकल आहे का' असं स्पष्ट विचारा.

फिटची कमजोरी अशी की एका वेळेला ती साधारण चारातले तीन कॅन्सर पकडते, पण पॉलिप (आतड्याच्या आतल्या भिंतीवरच्या छोट्या गाठी, ज्यांचा पुढे कॅन्सर होऊ शकतो) बहुतेक वेळा रक्त सोडतच नाहीत, ते निसटतात. म्हणून ती एकदा करून विसरायची नसते, दरवर्षी करायची, निदान दोन वर्षांनी तरी.

कोलोनोस्कोपीत, म्हणजे संडासाच्या जागेतून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघतात त्यात, उलटं. त्रास एकदाच पण बऱ्यापैकी. आदल्या दिवसापासून पोट साफ करणाऱ्या पेग पावडरचं दोन ते चार लिटर पाणी प्यायचं, रात्र संडासातच (खरं सांगायचं तर तपासणीपेक्षा हाच भाग लोकांना नकोसा होतो), दुसऱ्या दिवशी गुंगीचं इंजेक्शन, अर्धा-पाऊण तास, आणि घरी न्यायला कोणीतरी सोबत हवं कारण त्या दिवशी गाडी चालवायची नाही. खर्चही फिटच्या कितीतरी पट. पण पॉलिप दिसला की तिथल्या तिथे काढतात, आणि पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, म्हणजे नुसता शोध नाही, कॅन्सर व्हायच्या आधीच अडवणं. सगळं स्वच्छ निघालं तर पुढची १० वर्षांनी. आतड्याला भोक पडायचा धोका असतो पण हजारात एकापेक्षाही कमी.

स्पेनमध्ये दोन्हींची थेट तुलना झाली, २०२५ मध्ये निकाल आला, १० वर्षांनंतर आतड्याच्या कॅन्सरने होणारे मृत्यू दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच. बोलावल्यावर आले मात्र फिटला साधारण ४० टक्के आणि कोलोनोस्कोपीला ३२.

माझं मत विचाराल तर घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झालेला नाही आणि नळीची भीती वाटते, तर फिट करा, बिनधास्त. अट एकच, पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपी करायचीच, 'मूळव्याधीमुळे आली असेल, परत फिट करून बघू' असं चालणार नाही, निगेटिव्ह येईपर्यंत टेस्ट करत बसण्यात काय अर्थ आहे!

आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला झाला असेल तर मात्र फिटचा विचार सोडा, कोलोनोस्कोपीच, वयाच्या ४०व्या वर्षी किंवा त्यांना कळलं त्या वयाच्या १० वर्षं आधी, जे लवकर येईल ते. वडिलांना ४८ला निघाला असेल तर तुमचा नंबर ३८ला. अपॉइंटमेंट घेतानाच रक्त पातळ करायच्या, डायबेटिसच्या आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, कधी थांबवायच्या ते डॉक्टर ठरवतील, स्वतःच्या मनाने बंद करू नका.