इंजिन बांधायचं की दुसरं टाकायचं? जुन्या डिझेल गाडीचा हिशेब

गावाकडच्या गॅरेजात मिस्त्री दोनच आकडे सांगतो, "भाऊ, बांधाचं तं साठ, दुसरं टाकाचं तं पंचेचाळीस." आकडे हजारांतले. बांधणं म्हणजे आपलंच इंजिन उघडून, झिजलेले भाग घासून-बदलून परत जोडणं; दुसरं म्हणजे दुसऱ्या गाडीचं वापरलेलं इंजिन. ऐकणारा अर्थातच पंचेचाळीसकडे झुकतो. पण साठमध्ये बरंचसं काम धरलेलं असतं, पंचेचाळीसमध्ये नुसतं इंजिन.

यवतमाळ जिल्ह्यातली २०१३ ची डिझेल स्विफ्ट घेऊन मांडून पाहू. आकडे अंदाजाचे आहेत, त्या जागी तुमच्या मिस्त्रीचे घाला. वापरलेलं दुसरं इंजिन ४५ हजार, नागपूरहून आणायचं पिकअपचं भाडं ४ हजार (पुढचेही आकडे हजारांतच). इंजिन उतरलंच आहे तर क्लचप्लेट, प्रेशरप्लेट, वॉटर पंप, माउंटिंग, होसपाइप, ऑइल-फिल्टर, कूलंट असं सगळं मिळून १८. हे टाळलं तर क्लच गेल्यावर गिअरबॉक्स उतरवायची मजुरी पुन्हा द्यावी लागते. उतरवणं-बसवणं १०, एसीचा गॅस २, आरटीओचं काम ३. बेरीज ८२ हजार. म्हणजे इंजिनाची किंमत एकूण खर्चाच्या निम्म्याच्या थोडी वर.

बांधणीचा आकडाही सरळ नाही. त्यात बोअर (सिलिंडर आतून घासून मोठा करणं), त्या मापाचे ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेड फेस (इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, घासून सपाट करणं) आणि मजुरी येते. क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, घासावा लागेल का, हे इंजिन उघडल्याशिवाय कळत नाही. टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) आणि इंजेक्टर (डिझेल फवारणारे) तर बहुतेक वेळा हिशेबाबाहेरच असतात, आणि कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे एकाच नळीतून जोरदार दाबाचं डिझेल सगळ्या इंजेक्टरना जातं तिथे, तेच खिसा कापतात. म्हणून "उघडल्यावर किती वाढू शकतं?" हे आधी विचारा आणि जास्तीत जास्त आकडा वहीत लिहून घ्या. शिवाय तालुक्याला लेथ (घासकामाचं यंत्र) नसेल तर ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, यवतमाळ-अमरावतीला जातो आणि गाडी उभी राहते. गाडीवर धंदा असेल तर तेही दिवस खर्चात धरा.

दुसरं इंजिन घेताना "सेमच आहे" यावर जाऊ नका. १२४८ सीसीचं हे फियाटच्या जातीचं इंजिन स्विफ्टमध्ये आहे तसंच टाटाच्या व्हिस्टातही आहे. पण माउंटिंग, वायरिंग आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जुळेलच असं नाही. मारुतीतच बघा, स्विफ्टचं ७५ पीएसचं (पीएस म्हणजे ताकदीचं माप), तर एसएक्स४ चं ९० पीएसचं, आणि दोघांचा टर्बो वेगळा. त्याच मॉडेलचं, त्याच सालाच्या जवळपासचं मिळत असेल तरच पुढे बोला.

कागदाचा फरक मात्र मोठा आहे. बांधणीत ब्लॉक तोच राहतो, त्यामुळे इंजिन नंबर बदलत नाही. दुसरं टाकलं की नंबर बदलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आधी मंजुरी घेतली नसेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. इंजिनाचं पक्कं बिल आणि ते ज्या गाडीचं, तिचे कागद मिळत नसतील तर स्वस्तातलं इंजिनही नको. आरसीवर एक नंबर आणि गाडीत दुसरा, अशी गाडी विकतानाही अडते आणि विम्याचा क्लेम करतानाही.

माझं मत विचाराल तर ब्लॉक शाबूत असेल आणि लेथवाला खात्रीचा असेल तर बांधणी. ब्लॉकला तडा असेल किंवा कनेक्टिंग रॉड बाहेर आला असेल, तर दुसरं. तिसरा पर्याय विकण्याचा. २०१३ च्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०२८ पर्यंत. पुढे फिटनेस करून पाच-पाच वर्षं वाढते. पत्रा खालून सडला असेल तर ८२ हजार घालून ती फिटनेसला न्यायची, यात मला काही अर्थ दिसत नाही. आहे तशी विका.

काहीही ठरवा, पण इंजिन कशानं गेलं ते आधी मिस्त्रीकडून काढून घ्या. आपल्याकडच्या पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात रेडिएटर चोंदलेला आणि कूलंटऐवजी बोअरचं क्षाराचं पाणी असेल, तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. तोच रेडिएटर ठेवून नवं बांधलेलं इंजिन बसवलं, तर पुढच्या मे महिन्यात गाडी परत त्याच गॅरेजात.