एम-१ गरँड: आठ-नऊ महिने वापरल्यानंतर

पिस्टनवर चालणाऱ्या सेमी-ऑटो रायफलचा विषय निघाला की इथे अलाबामातल्या हंट्सव्हिलमधली आपली मराठी मंडळी लगेच महागड्या पिस्टन एआर-१५ वर येतात. मी घेतली ती एम-१ गरँड, अमेरिकन सैन्यानं १९३६ साली स्वीकारलेली, .३०-०६ मापाच्या गोळीची, आणि आठ-नऊ महिने नियमित रेंजवर नेऊन आता खात्रीनं सांगतो की ही भिंतीवर टांगायची वस्तू नाही, ही चालवायची रायफल आहे. तिच्या अटी दोनच, ग्रीस आणि गोळी, तेवढ्या पाळा, मग ती त्रास देत नाही.

घेतली सीएमपीकडून, म्हणजे सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम. ही ना-नफा संस्था, १९९६ मध्ये सरकारी खात्यातून वेगळी झालेली, आणि फिलिपिन्स, डेन्मार्क, ग्रीस अशा देशांना मदत म्हणून दिलेल्या रायफली परत आल्या की त्या तपासून नागरिकांना विकते. अमेरिकन नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्ड चालत नाही, सीएमपीशी संलग्न नेमबाजी क्लबचं सभासदत्व लागतं, नेमबाजी केल्याचा कसला तरी पुरावा लागतो, बॅकग्राउंड चेक होतो. मेलनं पण मागवता येते, पण जमत असेल तर अॅनिस्टनच्या त्यांच्या दुकानात स्वतः जा, तिथं रॅकवरची हातात घेऊन बघता येते. मी सर्व्हिस ग्रेड घेतली. बॅरल किती झिजलंय ते गेजनं मोजून टॅगवर लिहितात, तोंडाकडचा आकडा ३ पर्यंत आणि चेंबरच्या, म्हणजे गोळी बसते त्या जागेच्या, पुढचा ५ च्या आत असला की सर्व्हिस ग्रेडमध्ये धरतात, आकडा जितका लहान तितकं बॅरल चांगलं. लाकडाच्या रंगावर भुलू नका, हे आकडे बघा.

माझ्या रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य धातूच्या भागावर, मागं कोरलंय इंटरनॅशनल हार्वेस्टर. हो, ट्रॅक्टरवालेच. १९५० च्या दशकात त्यांनी इंडियानातल्या इव्हान्सव्हिलला या रायफली बनवल्या. आणि महिंद्रानं १९६३ मध्ये ट्रॅक्टरच्या धंद्यात पाऊल टाकलं ते याच कंपनीच्या सहकार्यानं, आपल्याकडचा तो जुना बी-२७५ त्यांच्याच डिझाइनचा. आमच्या गावी तो ट्रॅक्टर होता, त्यामुळे रॅकवर ते नाव वाचल्यावर दुसरी रायफल हातात घ्यावीशीच वाटली नाही.

आता मुख्य मुद्दा. साध्या एआर-१५ मध्ये जळालेल्या पावडरचा गॅस नळीतून मागं येऊन थेट बोल्ट कॅरियरमध्ये, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा बोल्ट ज्यात बसतो त्या भागात शिरतो, म्हणजे काजळी आणि उष्णता दोन्ही आत. गरँडमध्ये बॅरलच्या तोंडाजवळ खालून एक भोक आहे, गोळी ते ओलांडून गेली की गॅस खालच्या सिलिंडरमध्ये उतरतो आणि लांबलचक ऑपरेटिंग रॉडला मागं ढकलतो, त्या रॉडच्या पुढच्या टोकालाच पिस्टन आहे. रॉड मागं येताना बोल्ट फिरवून उघडतो, रिकामं केस बाहेर फेकतो, आणि स्प्रिंग त्याला पुन्हा पुढं नेते. काजळी सगळी पुढंच राहते. दिवसभर फैरी झाडून बोल्ट काढला तरी बोटांना फारसं काळं लागत नाही, हे मला मनापासून आवडतं. पण याची किंमत वजनात द्यावी लागते, रिकामी रायफल सव्वाचार किलोच्या वर, आणि एवढा मोठा लोखंडी रॉड पुढंमागं धावतो तो खांद्याला कळतो. धक्का टोचत मात्र नाही, लांब ढकलल्यासारखा येतो.

माझे काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते, सगळी नोकरी एसएलआरवर, म्हणजे आपल्या सैन्याच्या जुन्या सेल्फ-लोडिंग रायफलवर. व्हिडिओ कॉलवर रायफल दाखवली तर पहिला प्रश्न, "अरे, गॅस रेग्युलेटर कुठाय याला?" मी म्हटलं, काका, याला नाहीच. "मग गॅस जास्त झाला तर?" नेमका तोच प्रश्न आहे. एसएलआरमध्ये गॅस कमीजास्त करता येतो, गरँडमध्ये जेवढा येईल तेवढा सगळा रॉडवर. म्हणून शिकारीची आजकालची जड, सावकाश जळणाऱ्या पावडरची .३०-०६ गोळी यात घालायची नाही, गोळी भोकापाशी पोचेपर्यंत मागं दाब जास्त उरतो आणि रॉड वाकू शकतो. चेंबरमध्ये बसते म्हणून चालेल असं नाही. १५० ग्रेन वजनाची, सैन्याच्या जुन्या एम-२ बॉल गोळीच्या मापाची, डब्यावर एम-१ गरँड लिहिलेली घ्या. मी प्रवी पार्टिझान कंपनीची वापरतो, एका गोळीला डॉलरच्या वर जातो पण आजवर अडकलेली नाही. गॅस सोडणारा अॅडजस्टेबल प्लग मिळतो, तो लावून इतर गोळ्या चालवणारे आहेत, मला त्या भानगडीत पडायचं नाही.

ग्रीसचं म्हणाल तर पातळ तेलावर ही रायफल चालवू नका. ग्रीस लावायचं ते इथं: बोल्टचे लग (बाजूचे उंचवटे), रिसीव्हरमधली रॉडची खाच, हँडलच्या आतला खड्डा जिथं बोल्टचा लग फिरतो, बोल्टची खालची बाजू जिथं हॅमर घासतो, आणि बॅरलची खालची बाजू. प्रत्येक ठिकाणी बोटाच्या टोकावर येईल एवढंच. पिस्टन आणि गॅस सिलिंडर मात्र कोरडे ठेवायचे, तिथं तेल लागलं तर जळून थर बसतो.

माझ्याकडे मध्यंतरी क्लिपमधली, म्हणजे आठ गोळ्या एकत्र धरणाऱ्या पत्र्याच्या चिमट्यातली, सातवी गोळी अडकायला लागली होती. दोन कारणं निघाली. ऑनलाइन घेतलेल्या नव्या बनावटीच्या क्लिपांचे काठ खरखरीत होते, आणि ऑपरेटिंग रॉडची स्प्रिंग १९ इंचांपेक्षा आखूड झाली होती. स्प्रिंग बदलली, जुन्या सैनिकी क्लिपा शोधून आणल्या, अडकणं थांबलं. स्प्रिंग काढलेलीच होती तर टिल्ट टेस्ट पण करून घेतली, म्हणजे स्प्रिंगशिवाय रॉड आणि बोल्ट बसवायचे आणि रायफल पुढंमागं तिरकी करायची, रॉड स्वतःच्या वजनानं सरळ घसरला पाहिजे. कुठं थबकला तर तिथं घासतोय. नवीन घेणाऱ्यानं ही टेस्ट पहिली गोळी झाडायच्या आधी करावी.

क्लिप भरताना अंगठा बोल्टमध्ये सापडतो असं फार ऐकाल, ते खरं आहे. आठ गोळ्यांची क्लिप वरून खाली दाबली की बोल्ट स्वतःहून सुटतो. तळहाताची कड हँडलला टेकवून रॉड मागं धरायचा, अंगठ्यानं क्लिप दाबायची आणि अंगठा वर उचलल्यावरच हात सोडायचा. कुणालाही हातात देण्याआधी हे रिकाम्या रायफलवर, हळू, चार वेळा करून दाखवा.

साइट्स इतक्या जुन्या असून इतक्या चांगल्या कशा, याचं अजून आश्चर्य वाटतं. मागं गोल भोक, दोन बाजूंना दोन चाकं, एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर साधारण इंचभर. माझी आठ गोळ्या चार इंचांत टाकते, त्यापुढं मी तिच्याकडून मागत नाही. स्कोप लावायचा विचार असेल तर दुसरी रायफल बघा, क्लिप वरून जाते त्यामुळे जागाच नाही.

साफसफाईत एक कटकट आहे, सफाईचा रॉड मागून जात नाही, तोंडाकडूनच घालावा लागतो, तेव्हा रॉड मधोमध धरणारा मझल गाइड हवाच, नाहीतर बॅरलचं तोंड घासून नेम बिघडतो. आणि दर वेळी स्टॉकमधून काढू नका, ट्रिगर गार्डच्या दाबानं ती लाकडात घट्ट बसते, सारखी काढघाल केली की पकड सैल होते. लाकडाला कच्चं जवसाचं तेल, हातानं चोळून, दिवसभर मुरू द्यायचं, मग पुसायचं.

घरात लहान मुलं असतील तर सेफ आधी, रायफल नंतर, यात तडजोड नको.

टॅलाडेगाला सीएमपीची रेंज आहे, तिथं जॉन गरँडच्या नावाचे सामने होतात, २०० यार्ड, स्कोप न लावता, आडवं पडून सावकाश, आडवं पडून जलद, शेवटी उभ्यानं. उभ्यानं एवढं वजन धरून नेम स्थिर ठेवणं हेच माझं सध्या चाललंय, रोज संध्याकाळी रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढायचा सराव. ट्रिगर दोन टप्प्यांचा आहे, पहिला मोकळा, दुसरा एकदम स्वच्छ तुटतो. जवळपास कुणी असाल आणि चालवून बघायची असेल तर रेंजवर या, कानांसाठी दुहेरी संरक्षण आणा, आवाज फार मोठा आहे. गोळ्या माझ्याकडच्याच वापरू.