आईचा गुडघा आणि माझी चिठ्ठी

आईचा गुडघा बदलायला नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात पाच दिवस होतो. खोली स्वच्छ, उपमा रोज गार.

शेजारच्या काकांच्या जखमेत पू झाला होता, म्हणून मी धास्तावलेली. ऑपरेशनआधीच्या भेटीत चिठ्ठी काढून जंतुसंसर्ग कसा टाळणार याचे प्रश्न विचारले. डॉक्टर वैतागतील असं वाटलेलं, पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली. अँटिबायोटिक चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत देणार, नंतर उगाच आठवडाभर नाही. शुगर आटोक्यात हवी. आणि पायावरचे केस घरून रेझरने काढून यायचं नाही. बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात, लागलंच तर इथे क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने, काढू. (आईने रेझर आणून ठेवला होता!) लघवीची नळी आहे तोवर "आज हिची गरज आहे का?" हे रोज विचारा, असंही त्यांनीच सांगितलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, दुपारच्या आत नळी निघाली.

तक्रार रात्रपाळीची. सिस्टर शेजारच्या पेशंटकडून त्याच हातमोज्यांनी थेट आईच्या सलाईनकडे. मी म्हटलं, "सिस्टर, मोजे..." चेहरा पडला, पण बदलले. पलंगाजवळची सॅनिटायझरची बाटली दाबली तर नुसती फुस्स. बिचारी पॅसेजमधल्या बाटलीपर्यंत जाऊन हात चोळून आली.

डॉक्टरांना पाच स्टार, रात्रपाळीला तीन. आमच्या दोन मावश्या बाहेरून येऊन तशाच आईच्या पलंगावर बसल्या, त्यांचे स्टार मी घरी कापलेत.