सायबर डोजो वापरलं, आणि माझे पिवळे दिवे सगळ्यांनी मोजले

सायबर डोजो म्हणजे मिळून कोड लिहायचा सराव करायची वेबसाईट. तिच्यावर लिहायचं लिहायचं म्हणून दोन महिने ढकलतोय, काल शनिवारी परत बसलो तेव्हा म्हटलं आता टाकूनच देऊ. आधीच सांगतो, ही कोडिंग शिकवणारी साईट नाही. पायथन म्हणजे काय इथपासून सुरुवात असेल तर हे उघडून डोक्याला हात लावाल. थोडंफार कोड लिहिता येतं पण शेजारी कोणी येऊन बसलं की घाम फुटतो, अशा लोकांसाठी आहे हे. म्हणजे माझ्यासारख्यांसाठी.

माझी गोष्ट अशी की पुण्यातल्या एका क्लासला (नाव नको, उगाच वाद) बऱ्यापैकी फी भरली होती. सर प्रोजेक्टरवर टाईप करायचे, आम्ही मान खाली घालून उतरवून घ्यायचो, आणि ग्रुप प्रोजेक्ट म्हणून जे काही झालं त्यात एकाने कोड लिहिला, एकीने पीपीटी केली आणि मी स्पायरल बाइंडिंग करून आणलं. सर्टिफिकेट तिघांनाही. नंतर इंटरव्ह्यूला समोरचा म्हणाला, बोलत बोलत लिहून दाखवा, तिथेच विकेट पडली.

तर डोजो. जॉन जॅगर नावाच्या माणसाने बनवलंय, ओपन सोर्स आहे (म्हणजे साईटचा कोड सगळ्यांना खुला), घरगुती सरावाला फुकट, कंपनीत वापरायचं असेल तर लायसन्स घ्यावं लागतं. लॉगिन नाही, ओटीपी नाही, 'आमचं ॲप डाउनलोड करा' नाही. एकाने एक्सरसाइज आणि भाषा निवडायची, सहा अक्षरांचा आयडी मिळतो, तो व्हॉट्सॲपवर टाकायचा, बाकीचे आत. आत आलं की प्रत्येकाला एक प्राणी मिळतो, खरं नाव कुठेच नाही. मी एकदा पाणघोडा होतो, त्यावरून अजून ऐकून घेतोय.

सुरुवातीला जी फाईल समोर येते त्यात सहा गुणिले नऊ असतं आणि टेस्ट (म्हणजे आपला कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा कोड) म्हणते उत्तर ४२ यायला पाहिजे. शाळेतला पाढा म्हणतो ५४. टेस्टचं बटण दाबलं की लाल दिवा. हा जोक कळणाऱ्याला कळतो, नाही कळला तरी बटण कसं चालतं ते कळतं. दिवे तीनच: लाल म्हणजे टेस्ट चालली पण नापास, हिरवा म्हणजे पास, आणि पिवळा म्हणजे टेस्ट चाललीच नाही, कुठेतरी कंस सुटलाय नाहीतर स्पेलिंग चुकलंय. दाबाल तितक्या वेळा तुमच्या प्राण्यासमोर एकेक दिवा लागत जातो आणि डॅशबोर्डवर सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक दिसतात. कुठल्याही दिव्यावर क्लिक केलं की मागच्या वेळेपेक्षा काय बदललं तेही दिसतं. म्हणजे तुमचं उत्तर तर दिसतंच, पण तुम्ही तिथपर्यंत कसे धडपडत आलात तेही सगळ्यांना दिसतं. खरी मजा इथेच आहे आणि खरी इज्जतही इथेच जाते.

पहिल्यांदा आमच्या ग्रुपने लीप इयर घेतलं होतं, म्हणजे दिलेलं वर्ष लीप आहे का हे सांगणारा कोड लिहायचा. सोपं वाटतं ना, चारने भाग गेला की झालं? १९९६ लीप, २००१ नाही, इथपर्यंत ठीक, पण १९०० चारने भागलं जातं तरी लीप नाही, कारण शंभराने जातं, आणि २००० शंभराने जाऊनही लीप, कारण चारशेने जातं. मी हुशारी करून सगळ्या अटी एकाच ओळीत कोंबल्या, वीस मिनिटं बटण दाबलंच नाही, आणि दाबलं तेव्हा पिवळा. मग परत पिवळा. एकूण सात पिवळे. माझी मावसबहीण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिची ओळ बघितली तर लाल, हिरवा, लाल, हिरवा, अगदी तोरण लावल्यासारखी. ती एक वर्ष घ्यायची, त्याची टेस्ट लिहायची, नापास होऊ द्यायची, मग तेवढ्यापुरता कोड. वर मलाच विचारते, "दादा, बटण दाबायला घाबरतोस का रे?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. खरंच घाबरत होतो.

(आई चहा घेऊन आली तेव्हा लीप इयरचं ऐकून म्हणाली, म्हणजे आपल्या अधिक महिन्यासारखंच की. तसंच आहे थोडंफार, तो साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो, २०२३ ला अधिक श्रावण होता. कोणीतरी म्हणालं पुढच्या वेळी त्याचाच कोड लिहू, मग तिथी आणि संक्रांती कशी काढायची यावर अर्धा तास गेला आणि विषय बारगळला.)

दुसऱ्या शनिवारपासून आम्ही पद्धत बदलली. लॅपटॉप एकच, फोनवर पाच मिनिटांचा टायमर, वाजला की कीबोर्ड शेजारच्याकडे. याला रँडोरी म्हणतात, ज्युदोतला शब्द, जसा कोड काता (म्हणजे सरावासाठी पुन्हा पुन्हा करायचा छोटा एक्सरसाइज) यातला काता कराटेतून आलाय आणि डेव्ह थॉमस नावाच्या प्रोग्रामरने प्रोग्रामिंगच्या सरावाला लावला. आमच्यात काताचा कट्टा झाला ते वेगळं. नियम एवढाच की टाईप करणाऱ्याने स्वतःच्या मनाचं लिहायचं नाही, शेजारच्याने सांगितलेलं लिहायचं, त्यामुळे आमच्यातला एक जण जो ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरासुद्धा लावत नाही त्यालाही बोलावंच लागलं, आणि बोलायला लागल्यावर कळलं की डोकं सगळ्यात साफ त्याचंच. रोमन आकड्यांच्या एक्सरसाइजमध्ये चार आणि नऊसाठी मी वेगवेगळे इफ (म्हणजे अटी) लिहायला सांगत होतो, तो म्हणाला चार आणि नऊ पण तक्त्यातच टाका ना, एक आणि पाचसारखेच. सात ओळी उडाल्या.

आता बाकीचं पटकन. दिसायला साईट जुन्या वळणाची आहे. एडिटर आपणहून शब्द पूर्ण करून देत नाही, हे मुद्दाम आहे, इथे घाई करायचीच नाही, पण व्हीएस कोडसारख्या शब्द पूर्ण करून देणाऱ्या एडिटरची सवय असेल तर पहिला अर्धा तास चिडचिड. मोबाईलवर नादच करू नका. सगळं इंग्रजीत. आणि एकट्याने बसलात तर निम्मी गंमत गेली, एकट्यासाठी एक्सरसिझम नावाचं दुसरं सरावाचं संकेतस्थळ बरं, कॅटरिना ओवेनने २०१३ मध्ये सुरू केलेलं, सत्तरच्या वर भाषा आहेत आणि स्वतःहून वेळ देणारे मेंटर तुमचा कोड वाचून कमेंट करतात, तेही फुकट. मी आठवडाभर ते करतो आणि शनिवारी हे. लोक विचारतात एआय असताना हे कशाला. बाबांनो, एआयने दिलेला कोड बरोबर आहे का हे बघायला तरी टेस्ट लिहिता यायला पाहिजे ना?

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क पाणघोड्याचा कापला.

काल माझ्या ओळीत दोनच पिवळे होते, मावसबहिणीच्या ओळीत एकही नाही. पुढच्या शनिवारी बोलिंग गेम घेतोय, क्रिकेटची नाही, ती पिनांवर बॉल सोडायची, आणि तिचे गुण कसे मोजतात हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नाही.