झांझिबार: नुंग्वी की पाजे?

भाचीचं लग्न ठरलं. मधुचंद्र टांझानियातल्या झांझिबार बेटावर, एवढं पक्कं. रिसॉर्ट उत्तरेला नुंग्वीत घ्यावं की पूर्व किनाऱ्यावर पाजेला, यावर मात्र घरात दोन तट पडलेत. जाहिरातीतले फोटो दोन्हीकडचे सारखेच निळे, म्हणून ते बाजूला ठेवू.

खरा फरक भरती-ओहोटीचा. पाजेला ओहोटीत समुद्र खूप आत सरकतो. तासन् तास पोहणं विसरा. गुडघाभर पाण्यात समुद्री शेवाळाची शेती करणाऱ्या बायका दिसतात. (मला तर ते पोहण्याहून आवडेल.) नुंग्वीत पाणी फारसं मागे हटत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा डुंबता येतं.

वारा? जून ते सप्टेंबर आग्नेयेचा कुसी वाहतो. पाजे त्याच्या थेट तोंडावर, म्हणून काइटसर्फिंगवाल्यांची (मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर घसरणाऱ्यांची) तिथे चंगळ. मार्च ते मे मोठा पाऊस. तेव्हा दोन्ही नकोत.

गर्दी नुंग्वीत जास्त, पण लाकडी धाऊ (शिडाच्या होड्या) बांधणारे कारागीरही तिथेच भेटतात.

स्टोन टाउन, म्हणजे झांझिबार शहराचा जुना भाग, दोन्हीकडून साधारण तासा-दीड तासावर. 2000 पासून जागतिक वारसा यादीत असलेलं हे गाव दुपारच्या धावत्या फेरीत उरकू नये. 1873 मध्ये बंद झालेल्या गुलामबाजाराच्या जागेवरचं चर्च तरी शांतपणे पाहावं. एक रात्र तिथे काढाच.

पोहायचंय, सूर्यास्त हवाय, तर नुंग्वी. वाऱ्याचे खेळ किंवा ओल्या वाळूवर लांबच लांब चालणं हवं असेल, तर पाजे. भाचीचा नवरा पोहायला शिकलेलाच नाही, तेव्हा माझं मत पाजेला.